आरपीजीचं कपाट: नोंदी

२ जून २०२५, सोमवार

परदेशी निघालेल्या एका माजी विद्यार्थ्याने घर आवरता आवरता दोन खोकी भरून व्हिडिओ गेम ग्रंथालयाला देऊन टाकले. कॉलेजात गेम डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, शिक्षक केव्हापासून मागे लागले होते, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. प्राचार्यांचा फोन: "मॅडम, नवी बॅच १४ जुलैला येतेय. तोवर कपाट लागलेलं हवं."

आज नुसती मोजणी केली. एकूण १३८ तबकड्या. त्यांतल्या २३ जणींवर मार्करने नाव लिहिलंय, म्हणजे उघड नकली. त्या वेगळ्या पिशवीत. दाखल नोंदवहीत त्यांना जागा नाही. उरल्या ११५. देणाऱ्याने स्वतःची एक्सेल फाइलही दिलीय, तीत 'प्रकार' नावाचा एकच रकाना. ५४ खेळांपुढे 'आरपीजी' (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एक पात्र होऊन खेळायचा खेळ) किंवा 'जेआरपीजी' असं काही लिहिलंय. बाकीचं, म्हणजे शर्यती, फुटबॉल, बंदुका, तासाभरात लागेल. या ५४चे पोटप्रकार पाडायचे. माझा अंदाज: दोन दिवस.

दशांश वर्गीकरणात सगळ्यांचा क्रमांक एकच, ७९४.८. तो पाठीवर चिकटवला की कायद्याने माझं काम संपतं. पण मग मुलगा कपाटापुढे उभा राहून काय शोधणार? चोपन्न पुस्तकांवर नुसतं 'कादंबरी' लिहून ठेवण्यासारखं आहे ते.

३ जून, मंगळवार

मदतीला भाचा आलाय. बारावीचा निकाल लागलाय, प्रवेशाच्या याद्यांची वाट बघतोय, घरी आई ओरडते. त्याला खेळांतलं कळतं, मला तालिकेतलं.

तबकड्यांच्या मागची छापील माहिती, देणाऱ्याची फाइल आणि भाच्याचं तोंड या तिन्हींतून निघालेली नावं फळ्यावर लिहिली: अॅक्शन आरपीजी, जेआरपीजी, सीआरपीजी, टॅक्टिकल, रोगलाइक, रोगलाइट, सोल्सलाइक, डंजन क्रॉलर, ओपन वर्ल्ड, एमएमओ. "मावशी, यातलं एकेक घ्यायचं आणि समोर टाकायचं, झालं," भाचा म्हणाला. पंधराव्या खेळाला आम्ही अडकलो. एकाच खेळाला तीन नावं लागत होती, आणि तिन्ही बरोबर होती.

घरी भाजी निवडताना लक्षात आलं. आपण पालेभाजी, फळभाजी म्हणतो ते झाडाचा कुठला भाग खातो त्यावरून. सुकी, रस्सा, पातळ हे पाण्यावरून. कोल्हापुरी म्हटलं की गावावरून, भरली म्हटलं की कृतीवरून. भरल्या वांग्याचा रस्सा फळभाजीत टाकायचा की रश्शात, असं कोणी विचारत नाही, कारण ते दोन निरनिराळे प्रश्न आहेत हे आपल्याला न सांगता कळतं. फळ्यावरच्या दहा नावांचं तेच आहे. अॅक्शन हे खेळातला वेळ कसा चालतो ते सांगतं. जे म्हणजे जपान, तो देश. एमएमओ म्हणजे हजारो जण एकत्र, ती माणसं. रोगलाइक आणि सोल्सलाइक हे तर 'तू कोणाचा?' या प्रश्नाचं उत्तर. आणि हे सगळं आम्ही एका रकान्यात कोंबत होतो.

अंदाज सुधारला: दोन आठवडे.

५ जून, गुरुवार

पोटप्रकाराआधी प्रकार. आरपीजी म्हणजे काय हेच ठरलेलं नसेल तर त्याचे तुकडे कशाचे करायचे?

मूळ कागदावरचं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला. टेबलाभोवती चारपाच जण, एकजण गोष्ट चालवणारा, बाकीचे प्रत्येकी एक पात्र. पात्राच्या कागदावर ताकद, चपळाई, बुद्धी असे आकडे. काही करायचं तर फासे टाकायचे. त्याची लागण वर्षभरात कॉम्प्युटरला झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर १९७५मध्ये रस्टी रदरफोर्ड यांनी केलेला एक खेळ 'पेडिट ५' या नावाने ओळखला जातो. हे खेळाचं नाव नाहीच, ती फाइल ज्या जागी लपवली होती त्या जागेचं नाव. यंत्रणा अभ्यासासाठी होती, त्यामुळे व्यवस्थापक ती फाइल पुसून टाकत आणि ती परत येई. मला त्या व्यवस्थापकांबद्दल सहानुभूती आहे. आमच्या संगणक कक्षात मीही हेच काम करते.

म्हणजे आरपीजी = आकडे वाढणारं पात्र? चार दिवस हीच व्याख्या चालली असती. पण भाच्याने गोळीबाराच्या ढिगातून २००७चा 'कॉल ऑफ ड्यूटी ४' काढून दाखवला: ऑनलाइन खेळलं की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतो, हुद्दा वाढतो, नवी बंदूक उघडते. त्याला कोणी आरपीजी म्हणत नाही. उलट १९८६च्या 'झेल्डा'त तलवार आहे, गुहा आहेत, राक्षस आहेत, पण अनुभवाचे गुण नाहीत; नवी हृदयं मिळतात, हत्यारं मिळतात, एवढंच. पुढच्याच वर्षीच्या 'झेल्डा २'मध्ये हल्ला, जादू आणि आयुष्य या तिन्हींच्या पातळ्या चढतात. एकाच घरातले दोन भाऊ, एक आत, एक बाहेर. देणाऱ्याने दोन्ही आरपीजीत टाकलेत. मी पहिल्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय.

९ जून, सोमवार

आज खरं काहीतरी कळलं, म्हणून सविस्तर.

'मॉरोविंड', २००२. तबकडी पीसीची, आणि सीडी ड्राइव्ह शिल्लक आहे तो फक्त माझ्या टेबलावरच्या जुन्या मशीनला. जेवणाच्या सुट्टीत भाच्याने माझ्या खुर्चीत बसून तो चालवला. सुरुवातीच्या सेयदा नीन गावातून बाहेर पडलो, पाण्याच्या कडेला एक मोठा खेकडा. हातात कचेरीतून उचललेली छोटी सुरी. भाचा धावत गेला आणि वार केला. सुरी खेकड्यातून आरपार गेलेली मला दिसली. खेकड्याला ओरखडा नाही. परत वार, परत आरपार. सात वेळा. खेकडा मात्र आम्हाला चावून अर्धमेलं करून गेला.

"बिघडलंय का?" मी विचारलं.

"नाही गं मावशी. ह्याचं शॉर्ट ब्लेडचं कौशल्य कमी आहे. आणि मी पळत आलो ना, त्याने थकवा आला, ही हिरवी पट्टी बघ, रिकामी. म्हणून नेम चुकतोय."

म्हणजे पडद्यावर सुरी लागली, पण आत फासा पडला आणि फाशाने सांगितलं, नाही लागली. डोळ्याला एक दिसतंय आणि हिशेब दुसरा आहे. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये त्याच कंपनीने हे काढून टाकलं: हत्यार टेकलं की लागलंच, कौशल्याने फक्त इजा कमीजास्त. भाच्याच्या मते हे सुधारणं, त्याच्या मित्राच्या मते वाटोळं. दोघांचं फोनवर अर्धा तास चाललं.

मला त्या भांडणातून मोजपट्टी मिळाली: वार लागला की नाही हे कोण ठरवतं, खेळणाऱ्याचा अंगठा की पात्राचा आकडा? ५४पैकी जवळपास सगळे या पट्टीवर ठेवता येतात. एका टोकाला पाळीपाळीने चालणारे, तिथे अंगठ्याला कामच नाही. दुसऱ्या टोकाला असे, की पात्र कितीही तगडं असो, वेळेवर बाजूला उडी मारता आली नाही तर संपलात. 'मॉरोविंड' मधोमध, आणि म्हणूनच विचित्र: अंगठ्याचा खेळ वाटतो, असतो आकड्याचा.

फक्त एक तबकडी पट्टीवर बसत नाही. 'डिस्को एलिसियम', २०१९. त्यात लढाईचा वेगळा भागच नाही. चोवीस कौशल्यं आहेत, फासे आहेत, पण फासे पडतात ते बोलताना: समोरच्याचं खोटं पकडता आलं का, स्वतःच्याच डोक्यातला आवाज आवरता आला का. नायक दारूत बुडालेला पोलीस. भाच्याला कंटाळवाणा वाटला. मी दोन संध्याकाळी घरी नेऊन खेळले (नोंदवहीत रीतसर इश्यू करून). बाकी सगळं काढून टाकल्यावर आरपीजीचं काय उरतं ते पाहायचं असेल, तर या ५४ जणांत याच्याइतकं चोख उदाहरण नाही.

१३ जून, शुक्रवार

'जे'चा दिवस.

चोपन्नपैकी एकोणीस खेळांपुढे देणाऱ्याने 'जेआरपीजी' लिहिलंय. मी भोळेपणाने देशाचा रकाना समजून भरायला घेतला. पहिलाच धक्का 'डार्क सोल्स'. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा, २०११चा. "हा जेआरपीजी नाही," भाचा. का? जपानचाच आहे ना? "हो, पण तसला नाही." मग 'तसला' कसला? तर ठरलेला नायक, गावागावातून पुढे सरकणारी लांबलचक गोष्ट, सोबतीला टोळी, आणि लढाई लागली की पाळीपाळीने आज्ञा निवडायच्या.

आणि गंमत अशी, की या वर्षी एप्रिलमध्ये आलेला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' अगदी तसला आहे, आणि तो केलाय फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉलने. खोक्यात तो नाही, पण अभ्यासक्रमाच्या शिक्षकांनी मागवायला सांगितलाय, तेव्हा जागा ठरवून ठेवायला हवी. ठाण्यात कोल्हापुरी मिसळ मिळते आणि तिला कोणी हरकत घेत नाही, कारण तिथे कोल्हापूर हा पत्ता नसतो, तिखटाचा कट असतो. तसंच हे.

पण पत्ता सुरुवातीला तरी खरा होता का, ते बघायला मागे गेले. १९८१ साली अमेरिकेत ॲपल २ वर दोन खेळ आले. 'विझर्ड्री'त सहाजणांची टोळी आणि भुयार थेट त्यांच्या डोळ्यांतून दिसणारं. 'अल्टिमा'त नकाशावर वरून दिसणारी दुनिया. जपानी निर्माते युजी होरी यांना हे दोन्ही ठाऊक होते. त्यांनी २७ मे १९८६ला फॅमिकॉम या जपानी गेम यंत्रासाठी 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला: फिरताना 'अल्टिमा'सारखी वरून नजर, लढताना 'विझर्ड्री'सारखा समोर राक्षस. फॅमिकॉमला कीबोर्ड नव्हता. हातात अधिकचिन्हासारखी कळ, दोन बटणं आणि मधे स्टार्ट-सिलेक्ट. त्यामुळे जे काही करायचं ते यादीतून निवडायचं. होरींनी आधी खुनाच्या तपासाचा एक खेळ केला होता, त्याच्या फॅमिकॉम आवृत्तीत आज्ञांची यादी होतीच. आज आपण ज्याला खास जपानी वळण म्हणतो ते दोन अमेरिकी खेळ आणि एका स्वस्त यंत्राची दोन बटणं यांच्यातून आलंय.

आणि ज्यांना हे लेबल लावलं जातं त्यांना ते आवडतंच असं नाही. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा २०२३मध्ये एका मुलाखतीत म्हणाले, की हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा जपानी निर्मात्यांना तो हिणवल्यासारखा वाटला होता. आपण वेगळा प्रकार करतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं, ते नुसती आरपीजी करत होते.

निर्णय: 'देश' हा रकाना ठेवते, पण त्यात खरंच देश. जपान म्हणजे जपान. 'तसला' हा दुसऱ्या रकान्यात.

'सीआरपीजी'तला सी म्हणजे कॉम्प्युटर, टेबलावरच्या खेळापासून वेगळं दाखवायला लावलेला. आता प्लेस्टेशनवरच्या 'बाल्डर्स गेट ३'लाही सीआरपीजी म्हणतात. त्यावर आज डोकं चालवायची ताकद नाही.

१६ जून, सोमवार

पाऊस. खिडकीखालचं कपाट हलवलं. काम शून्य.

१८ जून, बुधवार

देणाऱ्याच्या एका सीडीवर फुकट वाटता येणारे खेळ आहेत, त्यांत 'नेटहॅक'. उघडला तर पडद्यावर नुसती अक्षरं. ठिपके म्हणजे फरशी, @ म्हणजे आपण, d म्हणजे कुत्र्याच्या जातीचं काहीतरी. मी दहा मिनिटांत मेले, आणि मेले ती मेलेच. सेव्ह केलेलं काही उरलं नाही.

हा 'रोग'चा वंशज. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात विद्यार्थिदशेत 'रोग' केला, केन अर्नोल्ड मागाहून आले. बर्कलीच्या युनिक्स या कॉम्प्युटर यंत्रणेसोबत तो विद्यापीठाविद्यापीठांत पोचला. दर वेळी भुयार नवं, मरण कायमचं. पुढे 'हॅक', 'मोरिया', 'नेटहॅक', 'अँगबँड'. या सगळ्यांना मिळून नाव हवं म्हणून रोगलाइक, 'रोग'सारखे.

आता वर्गीकरणवाल्याला आवडेल असा भाग. २००८ साली बर्लिनला या खेळांच्या निर्मात्यांची परिषद भरली आणि त्यांनी बसून व्याख्या लिहिली. तिला बर्लिन व्याख्या म्हणतात. नऊ महत्त्वाची लक्षणं: भुयार यादृच्छिक, मरण कायमचं, चाल पाळीपाळीने, चौकटींची जमीन, सगळ्या कृती एकाच पडद्यावर शक्य, गुंतागुंत, साधनांची काटकसर, राक्षस मारणं, शोध घेत फिरणं. सहा दुय्यम: एकच पात्र, राक्षसांना आपलेच नियम, डावपेच, अक्षरांची चित्रं, भुयारं, आणि पात्राचे आकडे उघड दिसणं. सोबत आदर्श म्हणून पाच खेळांची नावं: 'अॅडम', 'अँगबँड', 'क्रॉल', 'नेटहॅक' आणि 'रोग' स्वतः. आणि ती पळवाटही मोकळेपणाने लिहिलीय, की काही लक्षणं नसली म्हणून खेळ बाद होत नाही, असली म्हणून आत येत नाही.

वाचताना मला एम.ए.चा संस्कृतचा वर्ग आठवला. दंडीने महाकाव्याची लक्षणं अशीच मोजून दिलीत: सर्ग हवेत, नायक चतुर आणि उदात्त हवा, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णनं हवीत. आणि वर शेवटी तोच म्हणतो, की यातलं एखादं अंग कमी पडलं तरी जाणकारांना जे आहे ते रुचलं तर काव्याला दोष लागत नाही. आधी थोर ग्रंथ ठरलेले असतात, मग त्यांच्याकडे बघून लक्षणं काढतात, मग लक्षणं घेऊन नव्यांना मोजतात. बर्लिनकरांनीही पाच पोथ्या समोर ठेवूनच लिहिलंय. माझी हरकत नाही. निदान त्यांनी पोथ्यांची नावं तरी सांगितली.

भाच्याला मी ही बर्लिनची पट्टी 'डायब्लो'वर लावायला सांगितली. तळघरं दर वेळी नवी, राक्षस मारणं भरपूर, आकडे उघड. पण पाळी नाही, आणि मेलं तरी सेव्ह आहे. नापास. खरं तर त्याचे निर्माते डेव्हिड ब्रेविक यांना 'मोरिया' आणि 'अँगबँड'चंच वेड होतं आणि 'डायब्लो' आधी पाळीपाळीनेच चालायचा. प्रकाशकांकडून सारखा आग्रह, की हे सलग चालू दे. ब्रेविक नाखूश होते. शेवटी त्यांनी एका दुपारी बसून ते बदललं, सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला, आणि तिथेच ठरलं. १९९७च्या तोंडावर खेळ आला. ज्याला सगळे आता अॅक्शन आरपीजी म्हणतात त्याचा निम्मा वंश रोगलाइकचा आहे, आणि मधे आहे एका दुपारचं काम.

नंतरच्या 'रोग लेगसी'ने, २०१३, स्वतःलाच रोगलाइट म्हणवून घेतलं. तिथे मेलात की वारस निवडायचा, आणि बापाने जमवलेलं सोनं वाड्यावर खर्च करून पुढची पिढी तगडी करायची. नेटहॅकवाले याला मरण मानत नाहीत. मला वारसाची कल्पना आवडली.

२४ जून, मंगळवार

सोल्सलाइक, म्हणजे 'डार्क सोल्स'सारखे. भाच्याच्या मते याचा अर्थ 'अवघड'. अवघड तर 'नेटहॅक'ही आहे. दोघांनी मिळून 'डार्क सोल्स' तासभर पाहिला, म्हणजे तो खेळला आणि मी कागदावर खुणा केल्या. शेकोटीपाशी बसलं की जीव भरतो, पण मारलेले शत्रू पुन्हा उभे राहतात. मेलं की जमवलेले सगळे आत्मे तिथेच पडतात. परत त्या जागी पोचून उचलता येतात. वाटेत पुन्हा मेलं तर गेले. बाजारात वस्तू घ्यायलाही हेच आत्मे, पातळी वाढवायलाही हेच. भाचा एका पुलावर चार वेळा मेला आणि चौथ्यांदा त्याने खुर्चीच्या हाताला गुद्दा मारला.

मग 'सेकिरो', २०१९. तीच कंपनी, तेच दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. इथे मेलं की निम्मे पैसे आणि निम्मा अनुभव जातो, पडून राहात नाही, उचलायला काही नसतं. ताकद-चपळाईचे आकडे वाटून द्यायची सोय नाही, हत्यार शेवटपर्यंत एकच तलवार. बापाच्याच घरातला, पण माझ्या खुणांपैकी निम्म्याच जुळतात. आरपीजी तरी आहे का? पेन्सिल, प्रश्नचिन्ह.

'कोणासारखा' अशी नावं तात्पुरती असतात असं मला वाटायचं. १९९३च्या 'डूम'नंतर तसल्या खेळांना 'डूमचे क्लोन' म्हणत. पुढे गर्दी झाल्यावर नजरेवरून नाव पडलं, फर्स्ट पर्सन शूटर. रोगलाइकचं मात्र तीसेक वर्षं तसंच राहिलंय. कारण असं असावं, की 'डूम'कडून लोकांनी एक गोष्ट घेतली, ती एका शब्दात सांगता आली. 'रोग'कडून एकदम आठदहा घेतल्या आणि प्रत्येकाने निराळ्या. त्याला आईबापाच्या नावाशिवाय नाव नाही.

३० जून, सोमवार

आज जुनं पुस्तक काढलं नाही, पण जुना माणूस काढला.

शियाली रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचा खेळ मांडलेला पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, जोडणी बदलली की वेगळं खेळणं. त्यावरून त्यांना सुचलं, की विषयाला आधीच ठरलेला खण देऊ नये, विषयाचे पैलू पाडावेत आणि लागतील तसे जोडावेत. १९३३ला त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं, जोडणीला दोन टिंबं. पैलू पाच: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. परीक्षेत पाठ केले होते, तेव्हापासून वापरायची वेळ आली नव्हती. आमच्याकडे सगळं दशांशावरच चालतं. एका दुकानातल्या खेळण्यावरून सुचलेली गोष्ट शंभरेक वर्षांनी खेळांच्याच कपाटाला लागू पडतेय, याची मला सकाळपासून मजा वाटतेय.

तर 'पोटप्रकार' रकाना पुसला. त्याऐवजी सहा.

वेळ: पाळीपाळीने, सलग, किंवा मधलं काहीतरी. हे 'मधलं काहीतरी'च सर्वांत मोठं निघालं. 'फायनल फँटसी ७', १९९७, यात प्रत्येकाची पट्टी भरत जाते, भरली की त्याची पाळी, आणि तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रूची पट्टी थांबत नाही. ही युक्ती मालिकेत १९९१च्या चौथ्या भागापासून आहे. 'बाल्डर्स गेट', १९९८, सलग चालतो पण कधीही थांबवून आज्ञा देता येतात. आणि २०२०चा 'फायनल फँटसी ७ रीमेक' तीच गोष्ट, तोच नायक क्लाउड, तीच अवाढव्य तलवार घेऊन या रकान्यात दुसऱ्या जागी जाऊन बसतो. दोन्ही तबकड्या आपल्याकडे आहेत. शिकवायला याहून बरी जोडी नाही.

नजर: वरून, तिरकी, पाठीमागून, डोळ्यांतून.

माणसं: एकटा, टोळी, हजारो. 'हजारो'त आपल्याकडे एकच, आणि त्याला दरमहा पैसे भरलेलं खातं लागतं, म्हणजे तबकडी फक्त बघायला.

वाढ: मारून मिळालेल्या गुणांनी, करून करून, की हत्यारांनी. 'मॉरोविंड'मध्ये जे कराल ते वाढतं. भाचा रस्ताभर उड्या मारत जातो, का तर उडीचं कौशल्य वाढावं म्हणून. गावातले लोक काय म्हणत असतील.

मृत्यू: सेव्हपासून पुन्हा, कायमचा, वारस, दंड भरा, पडलेलं उचला. 'फायर एम्ब्लेम'मध्ये १९९०पासून साथीदार मेला की कायमचा मेला, पण त्याला रोगलाइक कोणी म्हणत नाही. हे आता नीट दिसतं, कारण इतर रकाने सगळेच जुळत नाहीत, माणसांचा तर नाहीच. (जपानात याला सिम्युलेशन आरपीजी म्हणतात. तिथे डावपेचांच्या खेळाला सिम्युलेशनच म्हणायची रीत.)

वंश: इथे लोकांची नावं, जशीच्या तशी. जेआरपीजी, सोल्सलाइक, काय हवं ते, दोन असली तर दोन. 'तसला' इथेच गेला.

देश आणि साल वेगळे होतेच. रंगनाथनांचे स्थल आणि काल.

६ जुलै, रविवार

आषाढी. सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन भाच्याने घरी बसून अठरा ओळी भरल्या. तपासायच्या आहेत.

९ जुलै, बुधवार

दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बोलावलं. भाचा, त्या दोघी आणि मी अशा चौघांनी एकमेकांचं न बघता तेच वीस खेळ भरले. वेळ, नजर आणि माणसं यांत भांडण जवळपास नाही. मृत्यूत दोन ठिकाणी, तिथे माझं चुकलं होतं, मी पुरेसं मेलेच नव्हते. वाढ या रकान्यात बऱ्यापैकी. वंशात मात्र वीसपैकी एकदाही चौघांचं सारखं आलं नाही, म्हणून त्या रकान्याच्या डोक्यावर 'मतं' लिहून टाकलं.

मुलींनी 'राजी'बद्दल विचारलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला, २०२०चा. आपल्याकडे नाही, पण अभ्यासक्रमात आहे. आरपीजीत घ्यायचा का? राजी राक्षसांशी लढते, तिला देवांकडून शस्त्रं आणि वर मिळत जातात, पण राक्षस मारून तिची पातळी चढत नाही. वार अंगठ्याने लागतो. मी म्हटलं, साहसखेळांत. एकीचं तोंड पडलं. आपल्याकडचा खेळ आरपीजीत गेला तर तो मोठा ठरतो असं काहीतरी त्यामागे होतं. ते तिचं एकटीचं नाही. ऑनलाइनही हा शब्द पुष्कळदा पदवीसारखाच वापरतात.

'सेकिरो' आणि पहिला 'झेल्डा' साहसखेळांत हलवले. आरपीजी ५२.

११ जुलै, शुक्रवार

कपाट. एक्सेलमध्ये तबकडी सहा ठिकाणी असू शकते, फळीवर एकाच. त्यामुळे फळीवर सरळ दाखल क्रमांकाने लावल्या. पाठीवर ७९४.८, आणि वेळेच्या रकान्यासाठी रंगीत टिकली: पाळीला निळी, सलगला लाल, मधल्याला पिवळी. पिवळ्या टिकल्या संपल्या, स्टेशनरीवाल्याकडे नव्हत्या. हळदीकुंकवाच्या सामानातल्या लावल्या.

'डिस्को एलिसियम'ला टिकली नाही.

१४ जुलै, सोमवार

नवी बॅच आली. सव्वाबाराला पहिला विद्यार्थी काउंटरवर. रकाने दाखवायच्या आत त्याने विचारलं, "मॅडम, डार्क सोल्ससारखं काही आहे का?"

मी वंश उघडणार होते, पण हात मृत्यूवर गेला. 'पडलेलं उचला' निवडलं. चार नावं आली. तीन अपेक्षित. चौथं 'डायब्लो २', साल २०००. मला वाटलं आषाढीच्या दिवशी भाच्याने घाईत चूक केली. फोन लावला. "नाही मावशी, बरोबर आहे. त्यात मेलं की अंगावरचं सगळं सामान प्रेताबरोबर तिथेच पडतं, उघड्या अंगाने पळत जाऊन आणावं लागतं."

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, हाच द्या. तीन सीडी आहेत: इन्स्टॉल, प्ले आणि सिनेमॅटिक्स. त्याच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, वसतिगृहात कोणाच्याच नाही. उद्या ११ ते १ तो माझ्या खुर्चीत बसणार, मी परतीच्या काउंटरवर.